पोथीच्या जागी कार्ड

आमच्या घराला लोक प्रकाशक म्हणतात. साताऱ्यात पेठेत तळमजल्यावर छापखाना, वर आम्ही राहतो, आणि दारावर सासऱ्यांनी लावलेली पाटी अजून आहे. मी मूळची उंब्रजची. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन या घरात आले. पुस्तकं छापणारी माणसं म्हणजे वाचणारी माणसं असतील, असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. जेवण झाल्यावर पुस्तक घेऊन बसलेलं माणूस मी या घरात पाहिलं नाही. सासरे पुस्तक हातात घ्यायचे ते उलटं धरून शिवण बघायला.

आम्ही छापायचो शाळेची गाईडं, निबंधांचं एक पुस्तक, अर्ज कसे करावेत ते सांगणारं एक पुस्तक आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांची पोथी. एवढ्यावर तीन पिढ्या जेवल्या. पण बोलणं असं की, महाराष्ट्राला यांनीच अक्षरओळख करून दिली.

माझा नवरा गेल्यावर त्यांचा हिस्सा माझ्या नावावर आला. धंदा धाकटे दीर बघतात. त्यांना मी भावजी म्हणते. सही हवी असली की ते वर येतात आणि आधी चहाचं कौतुक करतात. चहा चांगला झाला म्हणाले की मी चष्मा शोधायला लागते.

भावजींचा जीव खालच्या ऑफसेट मशीनवर. तरुणपणी ते त्यांनी मुंबईहून जुनं आणलं होतं. एकरंगी छपाईचं आहे, पण त्यांना ते विमानासारखं वाटतं. त्याचे रूळ ते स्वतः पुसतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. जाऊबाई बाळंत झाल्या तेव्हा दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेले, कारण मशीनचा पट्टा तुटला होता. हे मी आकसाने सांगत नाही. जाऊबाई होत्या तोवर त्याच सांगायच्या आणि हसायच्या.

फोन घरोघर झाले तेव्हा पहिली झळ गाईडांना लागली. मास्तर फोनवरच शिकवायला लागले आणि पोरांना उत्तरं फुकट मिळायला लागली. भावजींनी यावर उपाय काढला. गाईडाच्या मागच्या पुठ्ठ्याला कागदी पाकीट चिकटवायचं आणि त्यात एक सीडी घालायची. सीडी लावायची यंत्रं तोवर लोकांनी माळ्यावर टाकली होती. वर्षाच्या शेवटी कवठे महांकाळच्या एजंटाने सगळी गाईडं परत पाठवली. पाकिटं रिकामी होती. भावजींनी माझ्यासमोर त्याला फोन लावला.

"सीड्या कुठं गेल्या?"

"द्राक्षाच्या बागंत टांगल्यात. लय चमकत्यात बगा, पाखरू फिरकत न्हाई. आणखी असल्या तर धाडा."

"आणि गाईडं का परत केली?"

"गाईडाला पाखरं भीत न्हाईत, साहेब."

मग ॲप काढलं. ते उघडायला गाईडात छापलेला आकडा लागायचा. म्हणजे आधी गाईड विकत घ्यायचं, त्यातला आकडा फोनात घालायचा आणि मग तेच गाईड फोनात बारीक अक्षरात वाचायचं. मी भावजींना विचारलं, हे कोण करील. ते म्हणाले, वैनी, तुम्हाला टेक्नॉलॉजी कळायची नाही. तेवढं बरोबर होतं. पण ती कुणालाच कळली नाही, कारण ॲप कुणी उघडलंच नाही. गाईडं बंद झाली. निबंध आणि अर्जही त्याच वाटेने गेले. मागे राहिली पोथी.

पोथी का राहिली ते सांगते. मार्गशीर्षात दर गुरुवारी बायका कलश मांडतात, पोथी वाचतात, आरती करतात. शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना बोलावतात आणि प्रत्येकीला हळदी-कुंकू लावून एक फळ आणि पोथीची एक प्रत देतात. प्रत द्यायची हे पोथीतच छापलेलं असतं. त्यामुळे एक बाई एक पोथी घेत नाही, घेते ती सात-आठ घेते. आणि त्या सात-आठजणींतली एखादी पुढच्या वर्षी स्वतः गुरुवार धरते. कथा फोनवर मिळायला लागून पुष्कळ दिवस झाले, बायका ऐकतातही. पण घरी आलेल्या सवाष्णीच्या ओटीत फोन घालता येत नाही. म्हणून आमची पोथी चालत राहिली. त्यात आमची काही हुशारी नव्हती. ती नुसती तशीच छापत राहायची होती. तेवढंही जमलं नाही.

भावजींचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्यात नोकरीला होता. कंपनीने त्याला काढलं. तो म्हणाला, ब्रेक घेतलाय. ब्रेक घेऊन तो साताऱ्यात आला आणि दुसऱ्या दिवसापासून धंद्याला हात घातला. एकदा रात्री जेवताना त्याने विषय काढला.

"मोठी आई, आपली चूक काय आहे सांगू? आपल्याला वाटतं आपण पुस्तक विकतो. आपण अनुभव विकतो."

मी म्हणाले, "आपण कागद विकतो. घडी घालून दोन टाचण्या मारलेला."

"तेच म्हणतो. कागद महाग झाला. एवढ्या पानांची पोथी कशाला छापायची? एक कार्ड छापू. वर देवीचं चित्र, खाली क्यूआर कोड. फोन धरला की कथा सुरू. आवाज पुण्याहून घेऊ, एकदम प्रोफेशनल."

भावजी भाकरी मोडत होते. त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, "हे बघ, गाईडं गेली. आता पोथीवर सगळं हाय. या मार्गशीर्षात चाललं तर मशीन राहील. न्हाई चाललं तर मशीन विकायचं आणि खालची जागा भाड्यानं द्यायची. मला दरवर्षी हे जमणार न्हाई."

मशीन विकायचं म्हणताना त्यांनी ताटाकडेच बघितलं. मग मुलाला म्हणाले, कर तुझ्या मनासारखं.

आता यातली गंमत अशी की कार्ड चार रंगांत छापायचं होतं आणि आमचं मशीन एकरंगी. म्हणजे मशीन वाचवायला जे काम काढलं, त्याला मशीनचा उपयोगच नव्हता. कार्डं सांगलीच्या एका छापखानेवाल्याकडून करून आणली. तो महिना आमचं मशीन खाली फडक्याखाली झाकून उभं. भावजी रोज सकाळी जाऊन फडकं झटकायचे.

कार्ड दिसायला चांगलं होतं. देवी कमळात बसलेली, पाय पुढे, आणि पायांशी तो काळापांढरा चौकोन. वरून प्लास्टिकचा थर, खराब होऊ नये म्हणून. चौकोन तिथेच का, तर चित्रात तेवढीच मोकळी जागा होती. भावजी म्हणाले, देवीच्या चरणाशी, म्हणजे कसं शोभतंय. मीही म्हणाले, चित्र बरं आहे. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात पुढचं आलं नाही. घरात उभा जन्म पोथ्या छापणारी माणसं, पण पोथी विकत घेणारी बाई ती घरी नेऊन काय करते, हे एकालाही आठवलं नाही.

कार्डं गावोगाव गेली. रहिमतपूरहून, कवठे महांकाळहून फोन आले. पोथी कुठं हाय, ह्यो काय कॅलेंडरचा तुकडा पाठवलाय काय, असं विचारत होते. पुतण्याने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, पोथी बंद, आता हेच. तो फोनवर बोलत असताना भावजी शेजारी उभे राहून मान हलवत होते.

शेवटच्या गुरुवारी मी माहेरी उंब्रजला गेले. माझी भावजय गुरुवार करते. घरची वस्तू म्हणून तिने कार्डंच घेतली होती. पुतण्या मला गाडीने घेऊन गेला, कारण त्याला हळदी-कुंकवाचा व्हिडिओ काढून कुठेतरी टाकायचा होता.

सोप्यात सतरंजी अंथरून बायका बसल्या. मी विधवा, मला कुंकू लावायचं नसतं, म्हणून मी भिंतीला टेकून बसले. तिथून सगळं दिसतं. भावजयीने कार्डं चौरंगावर देवीपुढे मांडली आणि एकेका कार्डावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. कुठे वाहणार? पायांवर. आपण देवीच्या पायांवरच वाहतो. ओलं बोट करून तिने प्रत्येक चौकोनावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. मग एकेकीला हळदी-कुंकू, केळं आणि कार्ड दिलं. घेणारीने कार्ड कपाळाला लावलं आणि तिनेही आपल्या बोटाने त्याच जागी कुंकू लावलं. चौकोन दिसेनासा झाला.

पुतण्या फोन समोर धरून म्हणाला, "आता सगळ्यांनी मोबाईल काढा. एकदम स्कॅन करू."

बायकांनी फोन काढले. सगळ्या कार्डांवर फोन धरून बसल्या. काही होईना.

"माझ्यात काय येतच न्हाई."

"तुजा फोन म्हातारा झालाय."

"फोन न्हवं, धरनारी म्हातारी झालीया."

"आवं, देवी दिसती की. आणखी काय दिसायचं असतंय?"

पुतण्या पुढे आला, एक कार्ड उचलून बघितलं आणि म्हणाला, "अहो, यावर कुंकू लागलंय. ते पुसून टाका ना."

बायकांनी फोन खाली ठेवले. शेजारची एक म्हातारी होती, तिला ऐकू कमी येतं. तिने विचारलं, "काय म्हनला ह्यो?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक म्हणाली, "पुसा म्हनला."

"काय पुसा?"

"कुंकू."

म्हातारीने त्याला वरून खाली बघितलं. "कुनाचं रं? आमचं का देवीचं?"

"तसं नाही आजी," पुतण्या म्हणाला. "मुद्दाम लॅमिनेशन केलंय. ओलं फडकं फिरवलं की लगेच निघतं."

"बगा बाई," एकजण हळूच म्हणाली, "कुंकू निघायची सोय सुदिक करून दिलीया."

दोघी-तिघी पदराआड हसल्या, बाकीच्या हसल्या नाहीत. भावजयीचा चेहरा उतरला. तिच्या घरात, तिच्या उद्यापनाला, तिच्याच नणंदेच्या पुतण्याने सवाष्णींना कुंकू पुसा म्हणून सांगितलं होतं. मला त्या पोराचा राग आला, पण त्याहून जास्त राग आपण भिंतीला टेकून नुसतं बघत बसलोय याचा आला. मी म्हणाले, "इकडं आण ते. मी पुसते. माझं पुसून झालंय, आता मला कशाची भीती."

"वन्सं, असं बोलू नगा," भावजय म्हणाली.

मी पदराने कार्ड पुसलं. पुतण्याने फोन धरला आणि फोन बोलायला लागला. बाईचा आवाज गोड होता, मध घातल्यासारखा. चार वाक्यं झाली आणि मधेच एक पुरुष ओरडायला लागला. गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात होती. पुतण्याने कथा फुकटच्या ठिकाणी चढवली होती, तिथे मधे मधे जाहिराती येतात आणि त्याचे आपल्याला पैसे मिळतात, असं त्याने बापाला सांगितलं होतं.

"पावली ग बाई देवी," ऐकू न येणारी म्हातारी म्हणाली. ते मात्र तिला ऐकू आलं होतं. "गुडग्याला तेल आलं."

मग सगळ्याच हसल्या. पण मी पुसलेलं कार्ड कुणी हातात घेईना. मी ते पुढे केलं तर जिचं होतं ती म्हणाली, राहू द्या मावशी, देवीजवळ असू द्या. तिचं बघून बाकीच्यांनीही आपापली कार्डं चौरंगावर ठेवली. केळी मात्र नेली. भावजय आतल्या खोलीत गेली आणि मागल्या वर्षी तिला स्वतःला हळदी-कुंकवात मिळालेल्या पोथ्या घेऊन आली. त्याच तिने दारात उभं राहून एकेकीला दिल्या. त्यांतल्या काही आमच्याच छापखान्यातल्या होत्या.

परत येताना पुतण्या म्हणाला, "मोठी आई, लोकांना बदलच नको असतो."

मी म्हणाले, "त्यांना पोथी हवी होती. तू गाडी बघून चालव."

त्यानंतर एजंटांकडून कार्डं परत यायला लागली, पोत्यांनी. काही कोरी, काही कुंकू लावलेली. लोकांनी दुकानात नेऊन दिली होती, कारण देवीचं चित्र घरात नको असलं तरी टाकता येत नाही. रद्दीवाल्याला बोलावलं. त्याने पोत्यात डोकावलं आणि दोन्ही हात कानाला लावले. "काका, लक्ष्मी हाय ती. मी न्हाई तोलनार." शेवटी भावजी पोती घेऊन माहुलीला गेले, कृष्णेत सोडायला. कागद असता तर भिजला असता, बुडला असता. प्लास्टिकचा थर होता. सगळ्या लक्ष्म्या पाण्यावर तरंगत राहिल्या. घाटावरच्या लोकांनी भावजींना घेरलं, नदीत प्लास्टिक टाकता म्हणून. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून होती तेवढी कार्डं पुन्हा गोळा केली आणि ओली पोती घरी आणली. ती आमच्या जिन्याखाली आहेत. आतली कार्डं अजून नव्यासारखी दिसतात, रंगही गेलेला नाही. सांगलीवाल्याचं काम पक्कं.

यातून कोण काय शिकलं? पुतण्याने पुण्यात मुलाखत दिली आणि तिथे सांगितलं की जुन्या प्रकाशन संस्थेचं डिजिटल काम मी उभं केलं. त्याला नोकरी लागली. भावजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, बायकांची श्रद्धाच राहिली नाही, सगळा दिखावा झालाय. बायकांनी श्रद्धेने कुंकू लावलं म्हणून कार्ड बंद पडलं, हे त्यांना दोनदा सांगून बघितलं. ते म्हणाले, ते तर हायच, पण एकंदरीत बघा.

तरी मशीन त्यांनी लगेच विकलं नाही. आणखी एक वर्ष बघू म्हणाले. मला वाटलं आता पोथी पुन्हा छापतील. पण ते एजंटांच्या फोनची वाट बघत बसले. म्हणाले, परत माल त्यांनी पाठवला, आता मागणी त्यांनी करावी. एजंट म्हणत होते, आधी छापल्याचं दिसू द्या, मग मागतो. दोन्हीकडचे आपापल्या खुर्चीत बसून राहिले आणि मार्गशीर्ष आला.

त्या महिन्यात कळलं की रहिमतपुरात एक झेरॉक्सचं दुकान आमच्या पोथीच्या प्रती काढून विकतंय. भावजी तापले. दुकान एका बाईचं आहे, तुम्ही बरोबर असलेल्या बऱ्या, असं म्हणून मला गाडीत घातलं.

दुकान स्टँडच्या बाजूला, एवढंसं. बाई चाळिशीची असेल. मशीन एकीकडे प्रती ओकत होतं आणि ती घड्या घालून टाचण्या मारत होती. भावजींनी एक प्रत उचलली. आमचीच पोथी. कुणाच्या तरी घरातली वापरलेली पोथी घेऊन तिने प्रती काढल्या होत्या, त्यामुळे पहिल्या पानावर देवीच्या पायांशी लागलेलं कुंकू प्रत्येक प्रतीवर काळा डाग होऊन आलं होतं. खाली आमच्या संस्थेचं नाव.

"हे आमचं हाय," भावजी म्हणाले.

"व्हय, तुमचंच. नाव हाय की खाली. मी काय खोडलेलं न्हाई."

"परवानगी कुणाची घेतली?"

"कुनाची घ्यायची? मागल्या साली मी तुमच्याकडं फोन केलता. एक पोरगा म्हनला, पोथी बंद, कार्ड घ्या. घेतली कार्डं. दोन दिस बायकांच्या शिव्या खाल्ल्या."

तेवढ्यात एक बाई आली, प्रती मोजून घेतल्या, एक उघडून म्हणाली, "ह्यो काळा डाग कसला ग?"

"कुंकू हाय. आदीच लावून दिलंय, तुमाला तरास नगो."

गिऱ्हाईक हसत पिशवीत प्रती घालून गेली. दुकानदार बाई भावजींकडे वळली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता.

"आवं काका, मला तरी कुठं झेरॉक्स परवडतीय. शाई किती खाती बगा. तुमी पोथी छापा, मी तुमच्याकडनं घीन. लागल तेवढी घीन. आजूबाजूच्या गावची दुकानं बी माझ्याकडनं नेत्यात, त्यांची बी घीन. मला आजच्या आज आगाऊ द्यायला लावलं तरी चालंल."

मी भावजींकडे बघितलं. हेच तर हवं होतं. मशीन खाली उभं, कागद मिळतो, मजकूर घरचा, आणि गिऱ्हाईक स्वतः मागतंय. भावजी थोडा वेळ प्रतीवरचा डाग बघत राहिले. मग प्रत खाली ठेवून म्हणाले, "आम्ही प्रकाशक आहोत, बाई. झेरॉक्सच्या दुकानाला माल देत नसतो. आमचे एजंट ठरलेले आहेत."

"मग एजंटास्नी सांगा की, मी त्यांच्याकडनं घीन."

"ते आम्ही बघू."

गाडीत मी म्हणाले, "भावजी, घ्या तिचं काम. मशीन चाललं असतं."

"वैनी, दारावर वडलांची पाटी हाय. आज झेरॉक्सवाली, उद्या पानपट्टीवाला म्हणंल मला द्या. काही रीत हाय का न्हाई?"

"पाटी मशीन चालवत न्हाई."

 भावजी कोरेगाव येईपर्यंत बाहेर बघत होते.

आठवड्याने वर आले. चहा फार छान झालाय म्हणाले. मी चष्मा घेतला. वकिलाकडून कागद करून आणला होता, त्या बाईला नोटीस. तिने प्रती बंद कराव्यात आणि भरपाई द्यावी. हिस्सेदार म्हणून माझी सही हवी होती.

मी विचारलं, "ही पोथी मामंजींनी लिहिली होती का?"

"लिहिली म्हणजे... संकलन केलं त्यांनी."

"जत्रेत घेतलेली दुसऱ्याची पोथी समोर ठेवून खिळे जुळवणाऱ्याकडून जशीच्या तशी जुळवून घेतली. मी दोघांना चहा नेऊन दिला होता. नवी नवरी होते मी, सगळं बघत बसायचे."

"ते वेगळं. त्या काळी चालायचं."

"ह्या काळी बी चालतंय, बघून आलो की आपण. सही मी करणार न्हाई."

ते कागद घेऊन खाली गेले. नोटीस गेली नाही. त्या बाईवर उपकार म्हणून मी हे केलं नाही. ज्याला स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायचं नाही, अशा माणसाच्या कागदावर माझं नाव नको होतं, एवढंच.

मशीन विकायच्या कागदावर मात्र सही केली. त्यांना ते फुकट झाकून ठेवायचं असेल तर जागा तरी मोकळी होऊ दे. घ्यायला आला तो सांगलीचा छापखानेवाला, ज्याने कार्डं छापली होती तोच. तो टेम्पो आणि चार माणसं घेऊन आला. भावजी सकाळपासून रूळ पुसत बसले होते. शेजारचे म्हणाले, बघवत नाही हो. मला बघवलं. रहिमतपूरची मागणी घेतली असती तर ते रूळ कामाने चकचकीत राहिले असते, बसून पुसावे लागले नसते.

मशीन दारातून निघेना. चौकटीचं एक लाकूड काढावं लागलं. ते काढताना पाटीही उतरवावी लागली, ती भावजींनी भिंतीला टेकवून ठेवली. मशीन टेम्पोत चढलं तेव्हा त्यांनी सांगलीवाल्याला विचारलं, "काय करणार याचं? भंगारात घालणार?"

"भंगारात कशाला? पोथ्या छापीन की. रहिमतपूरच्या बाईंची मागणी हाय, कवठे महांकाळची हाय. एकरंगी पोथीला ह्याच्यासारखं मशीन न्हाई." मग म्हणाला, "मजकूर तुमचाच घेतला तर चालंल न्हवं?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "घ्या."

टेम्पो वळणावरून गेल्यावर भावजी म्हणाले, "फसला बिचारा. ह्या दिवसांत कागद कोण घेतंय? वर्षाच्या आत माझ्याकडं येतो का न्हाई बघा, मशीन परत घ्या म्हणून."

त्यानंतर दोन मार्गशीर्ष होऊन गेले. तो काही आला नाही. खालची जागा मोबाईलच्या दुकानाला दिली आहे. भावजी दुपारी त्या दुकानातल्या खुर्चीवर बसतात आणि फोन घ्यायला आलेल्या लोकांना छपाईचे दिवस कसे संपले ते समजावून सांगतात. दुकानदार त्यांना बसू देतो. जागेचे मालक आहेत, उठवणार कसा?